'आम्ल' या शब्दाने केलेला घोळ

शंकेखोर: जीवशास्त्र नव्याने शिकणाऱ्या मुलांना रचनेवरून जैवरेणू (सजीवांतले रेणू) ओळखायला शिकवतेय. मेदाम्ल (फॅटी ॲसिड), अमिनो आम्ल (प्रथिनांची वीट), केंद्रकाम्ल (डीएनए, आरएनए), तिन्हींत 'आम्ल'! कार्बॉक्सिल गट (COOH) दिसला की यातलं कुठलंही नाव ठोकून देतात. वेगळे शब्द आहेत का?

काना_मात्रा: 'अम्ल' की 'आम्ल' हेच अजून ठरलेलं नाही, दोन्ही छापतात. 😀 पण शब्द बदलून काय होणार? आम्लपणा तिन्हींत आहे, फक्त जागा वेगळी. मेदाम्लाला कार्बन-हायड्रोजनची लांबलचक शेपटी आणि एका टोकाला कार्बॉक्सिल. अमिनो आम्लात मधल्या एकाच कार्बनला अमिनो (NH₂) आणि कार्बॉक्सिल दोन्ही चिकटलेले. केंद्रकाम्लाच्या साखळीत आम्लपणा येतो तो फॉस्फेटमुळे. बरं, प्रथिनाच्या साखळीत कार्बॉक्सिल पेप्टाइड बंधात (दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या दुव्यात) खर्ची पडलेला असतो. तिथे तो शोधत बसणारा हमखास फसतो.

जुनी_वही: 'केंद्रकाम्ल' हे तर पत्त्यावरून पडलेलं नाव. स्विस संशोधक मीशर यांना १८६९ मध्ये हा पदार्थ पेशीकेंद्रकात सापडला म्हणून. जिवाणूंत केंद्रक नसतं, तरी केंद्रकाम्ल असतंच.

काना_मात्रा: त्यापेक्षा 'कर्बोदक' बोलका. कर्ब + उदक, गुणसंधी. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, म्हणजे हिशेबाने सहा कर्ब, सहा पाणी.

जुनी_वही: हा हिशेब ॲसेटिक आम्लातही जुळतो (२, ४, २), आणि ते कर्बोदक नाही. उलट डीऑक्सिरायबोज (डीएनएतली साखर) कर्बोदक असून एका ऑक्सिजनने कमी पडतं. आकृतीत कड्याच्या आतला ऑक्सिजन आणि भोवतीचे हायड्रॉक्सिल (OH) गट बघायला सांगा. नुसता षटकोन बघून मुलं कोलेस्टेरॉललाही साखर म्हणतात. त्याच्या चार कड्यांत एकही ऑक्सिजन नाही, हायड्रॉक्सिल गटही एकुलता एक.

शंकेखोर: हे माझ्या वर्गात झालंय! मग मेदांना 'महारेणू' (मॅक्रोमोलेक्यूल) म्हणायचं का?

जुनी_वही: मी म्हणत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्टाउडिंगर यांनी १९२२ मध्ये आणलेला मूळ शब्द लांब साखळ्यांसाठी होता. ट्रायग्लिसराइड, म्हणजे नेहमीचा मेद, म्हणजे एक ग्लिसरॉल, तीन मेदाम्लं, संपलं. एकवारिकाला (मोनोमर) एकवारिक जोडत बहुवारिक (पॉलिमर) होण्याचा प्रकारच नाही. 'जैवरेणू' म्हणा.

शंकेखोर: ठीक. उद्या स्टिअरिक आम्ल (मेदाम्ल) आणि ॲलनिन (अमिनो आम्ल) शेजारी-शेजारी काढते, नावं झाकून.