ल्युआ 5.1 (प्रोग्रॅमिंग भाषा): पीकॉलच्या आत यील्ड चालत नाही

प्रश्न: डाळिंबाच्या बागेत ओलाव्याचे चार सेन्सर आहेत. प्रत्येकाला एक कोरुटीन (मधेच थांबवून पुन्हा चालू करता येणारं काम), वाचन झालं की यील्ड, म्हणजे तिथेच थांबणं. एखादी वायर सुटली तर सगळं बंद पडू नये म्हणून वाचन पीकॉलमध्ये (pcall, चूक पकडणारं फंक्शन) घातलं, तर यील्डवरच एरर येते. दोन रात्री गेल्या यात.

उत्तर: 5.1 मध्ये पीकॉल हे सी भाषेत लिहिलेलं फंक्शन. मधे सीचा स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद) अडकतो, म्हणून थांबता येत नाही. 2011 च्या 5.2 मध्ये ही अडचण गेली.

दुसरं उत्तर: दादा, आवृत्ती बदलू नका, पीकॉल काढा. रिझ्यूम (कोरुटीन पुढे चालवणारं फंक्शन) स्वतःच चूक पकडतो, फॉल्स आणि एररचा मजकूर परत देतो. ती कोरुटीन मात्र मेलेली असते, नवी बनवा. रॅप (कोरुटीनला साध्या फंक्शनसारखं बोलावू देणारा) टाळा, तो चूक वर, म्हणजे बोलावणाऱ्या कोडकडे फेकतो.

प्रश्नकर्ता: मी रॅपच वापरत होतो! आत्ता मुद्दाम एक वायर काढली, बाकी तिन्ही चालू राहिले. मनापासून आभार.