पाचव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त, दात आत्ता साफ करून घेऊ का?

अबोली: १९वा आठवडा चालू आहे. महिनाभर ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसतं, उजवीकडे हिरडी फुगलीय. घरी सगळे म्हणतात, बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही. सासूबाई मिश्री लाव म्हणतायत. हिरड्या खराब असल्या तर बाळ वेळेआधी येतं असं वाचलं, तेव्हापासून झोप नाही. कुणाचा अनुभव?

रानजाई: मला सहाव्यात हेच झालं. पहिल्या दवाखान्यातून 'डिलिव्हरीनंतर या' म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे गेले, वीस मिनिटांत साफ करून दिलं. आठवड्यात रक्त थांबलं. थांबू नकोस गं.

मोगरा: मी दंतवैद्य आहे. अबोलीताई, आधी मिश्रीचं. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, तिथून बाळापर्यंत. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा इतर तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांच्या वेळी हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता हिरड्या. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्यामुळे दातांवरच्या थोड्याशा किटणानेही हिरडी सुजते. म्हणून रक्त येतं तिथे ब्रश टाळू नका, मऊ ब्रशने रोज दोनदा तिथेच हळूच फिरवा. उलटी झाली तर लगेच ब्रश नको, खायच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरा.

लवकर प्रसूतीची भीती मनातून काढा. हिरड्यांचा जुना आजार आणि वेळेआधी जन्म यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, पण एकामुळेच दुसरं होतं हे सिद्ध नाही. २००६ साली अमेरिकेत ८२३ जणींवर झालेल्या चाचणीत गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत, पण हिरड्या सुधारल्या आणि उपचार सुरक्षित ठरले. तेव्हा साफसफाई स्वतःच्या हिरड्यांसाठी करा, आत्ताच करा. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. खुर्चीत चक्कर आल्यासारखं वाटलं तर डाव्या कुशीवर वळा. फुगलेला भाग मात्र दाखवाच. बहुतेकदा तो प्रसूतीनंतर आपोआप बसतो.

अबोली: शनिवारी साडेअकराची वेळ घेतली. सोनोग्राफीची फाईल नेऊ का?

मोगरा: न्या, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठीही. मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नका.