बसथांब्यावरचं स्वच्छतागृह: बंद दारावर थाप मारावी का?

कोयनाकाठ:
रात्रीची एसटी ढाब्यावर थांबली की पुढचं ठरलेलं. कंडक्टर "पंधरा मिनिटं हं" म्हणतो, बायकांच्या बाजूला दारं दोन, आणि त्या दारांना खेटून आठ-दहा जणी. आत गेलेलीने कडी लावली न लावली तोच थाप. मग "अहो, किती वेळ?" मग परत थाप.
माझं म्हणणं एवढंच: आत कोणी आहे हे कळत असेल तर थाप मारू नये. आणि रांग दाराशी नको. बाहेर बेसिनपाशी एकच रांग लावा, जे दार उघडेल तिथे पुढची जाईल. दार पातळ पत्र्याचं, खालून वीतभर फट; तिथे बाहेर चपला दिसत राहिल्या की आतलीचं होतं तेही थांबतं.
मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गाड्यांत बायका वाढल्या, थांब्यांवरची दारं तेवढीच राहिली. दारं वाढेपर्यंत निदान एवढी शिस्त पाळू या.

झणझणीत_मिसळ:
ताई, कळणार कसं ते सांगा आधी. निम्म्या दारांना कडीच नसते, खिळ्याला सुतळी गुंडाळायची असते. दार लोटलेलं आहे की लावलेलं, बाहेरून समजत नाही. ढकललं आणि आत कोणी बसलेलं असलं म्हणजे? त्यापेक्षा थाप शंभर पटीने बरी. माझ्या मते तर थाप मारणं हीच सभ्यता आहे.

कोयनाकाठ:
पहिली थाप मान्य. आतून "आहे" आलं की विषय संपला. मी दुसऱ्या-तिसऱ्या थापेबद्दल बोलतेय.

झणझणीत_मिसळ:
आणि ड्रायव्हरने हॉर्न द्यायला सुरुवात केली की? तुमची बेसिनपाशी रांग, आणि एखादी आजी "मला फक्त हात धुवायचेत" म्हणत आत शिरते ती थेट संडासात. दारापाशी उभं राहिलं नाही तर नंबर जातो, हा अनुभव आहे.

गोदावरीचं_पात्र:
दोघींचं वाचलं. माझ्या आईला मधुमेह आहे, तिला दोन मिनिटंही धरवत नाही. ती थाप मारते, लोक वैतागतात. पुढे सोडा म्हणायचं तर आधी अनोळखी दहा बायकांना आजार सांगायचा. खासगीपणा फक्त आतलीलाच असतो का? कोणी "मला आधी जाऊ द्या" म्हटलं तर "का?" विचारू नये, हा नियम मी पहिला लिहीन.

कोयनाकाठ:
हा नियम घेतला. पण त्यासाठीही एकच रांग बरी. दोन दारांना दोन रांगा असल्या की कोणाला विनवायचं तेच कळत नाही.

अण्णा_पेन्शनर:
तुम्हाला दार तरी आहे. आमच्याकडे सलग भिंत, खाली पन्हळ, मध्ये आडोसा नाही. एक जागा सोडून उभं राहावं हे कोणाला शिकवावं लागत नाही, पण गर्दीत जमत नाही. मग नजर समोरच्या फरशीवर ठेवायची. तरी शेजारचा खांद्यात फोन धरून विचारतो, "काका, गाडी कोल्हापूरलाच ना?" अहो, बाहेर आल्यावर सांगतो की!

रिकामटेकडी:
फोनवरून आठवलं. फोन आत नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फटीतून काय टिपलं जाईल सांगता येत नाही. बाईचं असं चोरून पाहणं किंवा चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच १ ते ३ वर्षं कैद. पण तक्रार करायची ती पुढच्या गावी पोचल्यावर.

झणझणीत_मिसळ:
आणि एकटीने प्रवास करणारीने फोन ठेवायचा कुठे? हूक नाही, फळी नाही, फरशी ओली. पर्स गळ्यात, ओढणी दातात, सलवारीचे पाय एका हाताने वर, आणि बल्ब गेलेला म्हणून दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च. फोन बाहेर ठेवा म्हणजे अंधारात जा. आणि गुन्हा करणारा तुमचा नियम पाळणार आहे थोडाच?

ओसाकाहून:
इकडे जपानमध्ये आवाज ऐकू जाऊ नये म्हणून बायका सारखं फ्लश करायच्या, पाणी फार जायचं. मग १९८८ मध्ये टोटो कंपनीने पाण्याचा नुसता आवाज काढणारं यंत्र आणलं, ओतोहिमे नावाचं.

अण्णा_पेन्शनर:
आमच्याकडे त्याला बादलीवर सोडलेला नळ म्हणतात. टँकरच्या गावात तेही परवडत नाही.

वसईची_लोकल:
तुम्ही सगळे दारापाशी भांडताय, खरी अब्रू टेबलापाशी जाते. पैसे घेणारा माणूस सगळ्यांसमोर विचारतो, "लघवी की संडास?" कारण दर वेगळे. पुरुषाला मुतारी फुकट, बाईने मात्र नोट काढायची. मुंबईत २०११ पासून राइट टू पी चळवळ याच भेदावर बोलतेय. एकच दर लावा किंवा लघवी सरसकट फुकट करा, मग विचारायचं कारणच उरणार नाही.

रिकामटेकडी:
तो माणूस रात्रभर तिथे बसतो, घाण त्यालाच काढावी लागते. पैसे घेतो म्हणून निदान पाणी असतं. फुकटच्या मुताऱ्यांत एकदा जाऊन या.

वसईची_लोकल:
पैसे घेऊ दे की. ओरडून विचारू नये, एवढंच. पाटी लावावी.

पैठणी_आणि_पॅन्ट:
मूळ प्रश्नावर येते. दार वरून उघडं असेल तर मी ओढणी दारावर टाकते, एक टोक बाहेर. आत कोणी आहे हे लांबूनच दिसतं, थाप पडत नाही.

झणझणीत_मिसळ:
आणि कोणी ओढून नेली तर?

पैठणी_आणि_पॅन्ट:
जुनी ओढणी ठेवलीय त्यासाठी वेगळी. पर्स नाही टाकत.

झणझणीत_मिसळ:
आणि दार छतापर्यंत असेल तर?

अण्णा_पेन्शनर:
मग पावलं ऐकू आली की आतूनच खोका. आमच्या वाड्यात चाळीस वर्षं कडीवाचून त्यावरच चाललं.