मदत हवी आहे: कॉन्टेसाच्या पावर स्टेअरिंग पंपाची पुली लाइनमध्ये येत नाहीये
इंदूरला आहे, गाडी कॉन्टेसा क्लासिक, 1.8 इसुझु पेट्रोल, पंप आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीचा बसवलाय. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की बेल्ट किंचाळतो, ब्रॅकेटवर काळी रबराची भुकटी साचते आणि बेल्टची एकच कड झिजतेय. बेल्ट नवा टाकला, टेन्शन बघितलं, ऑइल बदलून हवा काढली, पंपाचं बेअरिंग हलत नाही. क्रँक पुलीला (इंजिनची मुख्य पुली, जी बेल्ट फिरवते) सरळ पट्टी लावली तर पंपाची पुली साधारण 3 मिमी पुढे आहे, तिरकी मात्र नाही. पुली प्रेस-फिट आहे (बोल्टने नाही, शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली), हातोडी मारायची नाहीये कारण आतलं सील आणि शाफ्ट जाईल. इथल्या सियागंज बाजारात पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) मिळेल, खरादवालाही (लेथवाला) ओळखीचा आहे. मग पुली शाफ्टवर अजून आत दाबू की ब्रॅकेट मागून 3 मिमी घासून घेऊ?