केअरटेकर ब्युरोची, मग जबाबदारी कुणाची?

सिंहगडरोडकर: बाबांना मागच्या वर्षी पॅरालिसिस झाला. डावी बाजू गेली, नाकात नळी. ब्युरोतून बारा तासांच्या ड्यूटीची मावशी घेतली. आठ महिन्यांत अकरा जणी झाल्या. नळीतून भरवताना पाठ उंच ठेवायची, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, हे दर वेळी मीच शिकवलं. एकदा संध्याकाळी कामावरून येऊन बाबांची कूस वळवली, तर माकडहाडाजवळ लाल चट्टा, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. वहीत मात्र 'दर दोन तासांनी कूस बदलली' असं ओळीने लिहिलेलं, सगळं एका बैठकीत. ब्युरोचं उत्तर: "दुसरी पाठवतो." कमिशन घेता ना, मग शिकवून पाठवा आणि नुकसानीचीही जबाबदारी घ्या.

पूर्वा: मी सहा वर्षं हेच काम केलंय. वहीत खोटं लिहिणं चूकच, त्यात वाद नाही. पण जड पेशंट एकटीने वळवायचा म्हणजे कंबर धरते. चहाचा कप वेगळा ठेवणारी घरंही पाहिलीत. पगारातून कमिशन कापलं जातं ते निराळंच. अकरापैकी तुम्ही किती काढल्या आणि किती आपणहून गेल्या?

सिंहगडरोडकर: चार मी काढल्या, बाकी गेल्या. बाबांचं वजन ७८ किलो आहे, हे मी ब्युरोला सांगितलं नव्हतं. चुकलंच. पण त्यांनी विचारलंही नाही.

वकीलकाका: ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या २००७च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सगळं त्यात होतं. मंजूर झालंच नाही. २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली, तेही गेलं. ते पुन्हा आणायला हवं.

मीरज_मुलगी: मला हे पटत नाही. नोंदणी आली की दर वाढणार, आमच्यासारख्यांनी काय करायचं? माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिच्याकडे येणाऱ्या काकूंकडे कसलंच सर्टिफिकेट नाही. आई घर सोडून जायला निघाली की त्या तिच्यापुढे मटारचं ताट ठेवतात, दोघी सोलत बसतात. हे कुठल्या परीक्षेत तपासणार?

सिंहगडरोडकर: माझ्या बाबांना मटार सोलता येत नाहीत हो. नळी चुकीची हाताळली तर अन्न फुफ्फुसात जातं. तिथे नुसती माया पुरत नाही.

पूर्वा: दोन्ही खरं आहे. दादा, आधी एक करा. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून वळवा, ओढू नका. टाचाही रोज बघा, तिथली जखम उशिरा दिसते.

सिंहगडरोडकर: आजच घालतो. दुसऱ्या बाजूला मी धरेन.