लॅटिनो वस्त्यांतील लठ्ठपणा : आहाराच्या वर्गांना माणसे का टिकत नाहीत?

प्रश्न : पांथस्थ

नमस्कार. मी ह्यूस्टनमधील एका छोट्या दवाखान्यात स्वयंसेवक आहे. येथे येणारी बहुतेक कुटुंबे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली आहेत. २०१७ ते मार्च २०२० या काळातील राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतील २ ते १९ वर्षे वयाच्या लॅटिनो मुलांपैकी २६.२ टक्के मुले लठ्ठ आढळली. श्वेतवर्णीय मुलांत हे प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणून आम्ही मातांसाठी स्पॅनिशमध्ये आहाराचे वर्ग सुरू केले आणि पत्रकेही छापली. पहिल्या आठवड्यात चौदा जणी आल्या, चौथ्या आठवड्यात तिघीच उरल्या. आमचे कोठे चुकते आहे, आणि वस्तीच्या पातळीवर चाललेले कोणते प्रयोग पाहण्याजोगे आहेत, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : सीमावासी

आपल्याच राज्यातील ब्राउन्सव्हिल पाहावे. रिओ ग्रांदेच्या काठावरील या शहरात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक लॅटिनो आहेत. तेथे टेक्सास विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने चालवलेल्या ‘तू सालुद, सी क्वेंता’ (तुमचे आरोग्य मोलाचे आहे) या उपक्रमाचा कणा म्हणजे ‘प्रोमोतोरा’. त्याच समाजातील, त्याच बोलीत बोलणारी आणि आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेली ही स्त्री घरोघरी जाते. आपल्याला आशा सेविकांची आठवण यावी, असेच तिचे काम आहे. टॉर्टिया (तिकडची रोजची पोळी) खाणे सोडा, असे सांगून ती मोकळी होत नाही. घरात किती माणसे जेवतात, मुलांच्या हाती सोड्याची बाटली कोण देते, हे विचारून ती बोलायला सुरुवात करते. जोडीला दूरचित्रवाणी आणि रेडिओवरून तिथल्याच माणसांचे अनुभव सांगितले गेले आणि व्यायामाचे मोफत वर्ग भरवले गेले. २०१२ पासून शहराने ‘सायक्लोबिया’ सुरू केले. त्या वेळी ठरावीक रस्ते वाहनांसाठी बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळे केले जातात. मूळ कल्पना कोलंबियातील बोगोता शहराची, त्यामुळे लोकांना ती परकी वाटली नसावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : हिशेबी

वरील माहिती योग्य आहे, परंतु केवळ परिसर बदलला की वजन घटते, असा अर्थ कोणी काढू नये. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये शहराच्या दक्षिण भागात नव्या स्वतंत्र फास्ट फूड उपाहारगृहांना मनाई केली. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की त्यानंतरही तेथील लठ्ठपणा वाढतच गेला आणि ती वाढ उर्वरित शहरापेक्षा अधिक होती. जुनी दुकाने तशीच होती, आणि बाजारसंकुलातील छोट्या गाळ्यांना नियम लागूच नव्हता. ईस्ट लॉस एंजेलिस आणि बॉयल हाइट्समध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत फळे-भाज्या दर्शनी भागात मांडण्याचा प्रयोग झाला. दुकानांविषयी लोकांचे मत सुधारले, पण खाण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. भाजी डोळ्यांसमोर असणे, ती परवडणे आणि ती शिजवण्याइतका वेळ हाताशी असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

प्रतिसाद : मीनाक्षी_डॅलस

परवडण्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या ‘विक’ या सरकारी पोषण योजनेच्या शिध्यात २००९ मध्ये फळे-भाज्यांची कुपने आली आणि अख्ख्या धान्याच्या पावाऐवजी मक्याच्या टॉर्टिया घेण्याची मुभा मिळाली. या योजनेतील २ ते ४ वर्षांच्या मुलांमधील लठ्ठपणा २०१० मध्ये १५.९ टक्के होता, तो २०१६ मध्ये १३.९ टक्क्यांवर आला. सारे श्रेय शिध्याला देता येणार नाही, तरी लोकांच्या ताटातील पदार्थाला योजनेत जागा मिळाली, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र सरकारी मदत घेतल्यास ग्रीन कार्ड अडेल, या धास्तीने पात्र कुटुंबेही मागे राहतात. सरकारी मदतीवर अवलंबून राहतील असे वाटणाऱ्यांना ग्रीन कार्ड नाकारण्याच्या २०१९ च्या ‘पब्लिक चार्ज’ नियमात ‘विक’चा समावेश नव्हता, तरीही ही भीती पसरली होती. आपल्याकडील मातांना हे कोणी समजावून सांगितले आहे का? आणि वर्ग कोणत्या वेळी भरतो?

पांथस्थ

सर्वांचे आभार. वर्ग बुधवारी सायंकाळी पाच वाजता भरतो. आपला प्रश्न वाचून आज नोंदवही चाळली, तेव्हा दिसले की गळालेल्या अकरा जणींपैकी सात जणी कार्यालयांच्या साफसफाईचे काम करतात आणि त्यांची पाळी सहा वाजता सुरू होते. ही वेळ आम्ही आमच्या सोयीने ठरवली होती. अजूनही वर्गाला येणाऱ्या तिघींपैकी एकीने, वर्ग तिच्या घरी शनिवारी सकाळी घ्यावा, असे मागेच सुचवले होते. तिला उद्या फोन करतो.