पोलीस भरतीच्या सरावासाठी हजार-पंधराशेतलं घड्याळ कोणतं घ्यावं?

औश्याची लेक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय. पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. मोबाईल खिशात घालून पळता येत नाही, कडेला ठेवला तर कुणी उचलून नेईल ही धास्ती. १६०० मीटरची वेळ मोजायला घड्याळ पाहिजे म्हणतो. माझ्याकडं हजार आहेत, ओढूनताणून पंधराशे होतील. त्याचे मित्र म्हणतात, एवढ्यात स्मार्टवॉच येतं, तेच घे. दुकानदारही म्हणाला की त्यात किती पळालो तेपण दिसतं.

दुसरं म्हणजे आण्णांचं जुनं एचएमटी जनता कपाटात पडून आहे. चावी दिली की दोन-तीन तास चालतं आणि थांबतं. तेच दुरुस्त करून भावाला द्यावं का? कुणी स्वतः वापरलं असेल तर सांगा. जाहिरातीत काय लिहिलंय ते मी वाचलंय.

मोंढ्यातला घड्याळवेडा

ताई, मी परभणीचा. मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे आणि घड्याळांचा नाद अकरा वर्षांचा. दोन हजारांच्या आतली सव्वीस घड्याळं आजवर घेतली, हातात वापरली, बरीचशी उघडूनही पाहिली. एवढ्यातून एक गोष्ट पक्की कळली: स्वस्त घड्याळात मशीन सहसा दगा देत नाही. दगा देतो पट्टा, पट्ट्याची पिन, नाहीतर कुणीतरी चुकीचा टाकलेला सेल. म्हणून घड्याळ साधं घ्या, उरलेले पैसे या तीन गोष्टींवर घाला.

भावाला कॅसिओ एफ-९१डब्ल्यू द्या. १९८९ पासून हे मॉडेल चालू आहे. वजन फक्त २१ ग्रॅम, पळताना हातात आहे हे जाणवत नाही. सेल कंपनीच्या हिशोबानं सात वर्षं पुरतो. मी घेतलं तेव्हा हजाराच्या आत मिळालं होतं, आता थोडं वर गेलं असेल.

त्यातलं स्टॉपवॉच भावाच्या कामाचं आहे. १६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या. पूर्ण २० गुणांसाठी मुलांना ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. फेरी संपली की पळता पळता डावीकडचं वरचं बटण दाबायचं. आकडा पडद्यावर थांबतो, आत मोजणी चालूच राहते. बघून झालं की तेच बटण परत दाबायचं. ते बटण बोटाला टणक लागतं, घामात निसटत नाही. मागच्या फेऱ्यांची वेळ मात्र ते लक्षात ठेवत नाही, ती भावाला मनात धरावी लागेल नाहीतर मित्राला ओरडून सांगावी लागेल.

स्मार्टवॉच मी तेवढ्याच पैशांतलं चार महिने वापरलं. घामेजलेल्या बोटाला पडदा दाद देत नाही. ऊन चढलं की आकडे दिसत नाहीत. अंतराचं तर विचारूच नका. या किमतीतली बहुतेक घड्याळं पावलं मोजून अंदाज बांधतात. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर मी मोजून १६०० मीटर चाललो, त्यानं १९०० दाखवले. भरतीच्या पोरानं असल्या आकड्यावर भरवसा ठेवला तर त्याचं नुकसान होईल. मला हे मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

घेताना एक तपासा. उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरा, पडद्यावर कॅसिओ हे नाव यायला पाहिजे. नाही आलं तर माल नकली, परत करा. आणि अंघोळीला घालू नका. त्यावर वॉटर रेझिस्ट लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यापुरतंच.

पट्टा उन्हाळ्यात दीड-दोन वर्षांत कडक पडतो आणि भोकापाशी चिरतो. शिवाय रबरी पट्ट्याखाली घाम साचून माझ्या मनगटाला खाज सुटली होती. मी १८ मिलिमीटरचा नायलॉनचा पट्टा ओवला. रोज संध्याकाळी शाम्पूच्या पाण्यात बुचकळून वाळत टाकतो. तेव्हापासून खाज नाही.

जालन्याचा वायरमन

दादा बरोबर बोलले, पण काट्याचं घड्याळ अगदीच बाजूला सारू नका. माझं साधं काट्याचं सोनाटा सहा वर्षं झाली चालू आहे, खांबावर चढताना पण हातात असतं. ताई, भाऊ रात्री शेतात पाणी द्यायला जात असेल तर घड्याळाआधी डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. आमच्याकडं थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते. दोन्ही हात मोकळे राहिले तर बाऱ्यावर फावडं धरता येतं, पायाखालचं जनावरही दिसतं. फक्त सेल बदलता येतो का ते बघा. १८६५० नंबरचा सेल असेल तर तो निकामी झाला तरी नवा मिळतो. आतच चिकटवलेला असला की अख्खी बॅटरी फेकावी लागते.

मोंढ्यातला घड्याळवेडा

वायरमन भाऊ, सेलचं बोललात ते अगदी बरोबर. माझं एक काट्याचं घड्याळ होतं, आत मियोटा २०३५ मशीन. एका दुकानात सेल बदलून घेतला. त्यांनी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर ६२६ न टाकता दिसायला तसाच, अल्कलाइन एलआर टाकला. आठ महिन्यांनी मागचं झाकण उघडलं तर आत हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, पट्टी गंजलेली. मशीन गेलं. तेव्हापासून मी सेल स्वतः घेऊन जातो आणि समोर बसून टाकून घेतो.

ताई, आता एचएमटीचं. एचएमटीनं घड्याळं काढायला १९६१ मध्ये सुरुवात केली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. जनतामध्ये १७ ज्वेलचं, म्हणजे झीज कमी करणाऱ्या १७ खड्यांचं, चावीचं मशीन असतं. पूर्ण चावीवर ते सव्वा-दीड दिवस चाललं पाहिजे. दोन-तीन तासांत थांबतंय म्हणजे बहुधा आतलं तेल वाळून चिकट झालंय. सर्व्हिस करून घ्या, पण डायल रंगवू देऊ नका, पॉलिशही नको. मी एकदा ऑनलाइन "जुनं, ओरिजिनल" म्हणून जनता मागवलं होतं. डायल नव्यानं छापलेली, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. आण्णांचं जसं आहे तसंच असू द्या. पळायला मात्र ते देऊ नका, चावीच्या मशीनला असे झटके सोसत नाहीत.

अजून एक. कॅसिओ पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगू नये असं भावाला सांगा. मी वहीत लिहून ठेवलंय. जानेवारीत हातात असताना माझं महिन्याला ९ सेकंद पुढं गेलं. मेमध्ये पत्र्याखाली टांगून ठेवलं तर महिन्याभरात ५ सेकंद मागं पडलं. आतला क्रिस्टल, म्हणजे वेळ राखणारा स्फटिक, २५ अंशांच्या आसपास नीट चालतो, फार तापला की मंदावतो. स्टॉपवॉचला यानं फरक पडत नाही, पण वेळ दाखवायला पडतो.

औश्याची लेक

सगळ्यांचे आभार. लातूरला गंजगोलाईत जाऊन आले. कॅसिओ घेतलं, बटण दाबून नाव बघितलं, बरोबर नायलॉनचा पट्टाही घेतला. आण्णांचं घड्याळ तिथंच एका म्हाताऱ्या कारागिरांकडं दिलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बघितलं आणि तुम्ही म्हणालात तेच सांगितलं, तेल वाळलंय. रविवारी मिळालं. सकाळी सातला चावी दिली, दुसऱ्या दिवशी दुपारीपण चालूच होतं. आण्णा ते परत हातात घालायलेत.

भाऊ काल ५ मिनिटं ५२ सेकंदांत आला. पहिल्या दोन फेऱ्या ८१-८२ च्या, तिसरी ९७ ची. इतके दिवस त्याला वाटायचं शेवटच्या फेरीत दम जातो. एक अडचण आहे, अभ्यासिकेत दर तासाला ते टुंग वाजतं आणि सगळे वळून बघतात. बंद कसं करायचं?

मोंढ्यातला घड्याळवेडा

डावीकडचं खालचं बटण एकदा दाबून अलार्मवर यायचं. मग उजवं बटण एकेकदा दाबत जायचं, पडद्यावरच्या दोन्ही खुणा जाईपर्यंत. आणि ताई, त्याला पहिल्या दोन फेऱ्या ८४ नं पळून बघू द्या, तिसरी किती येते ते इथं नक्की कळवा.